४-२० मिलीअँपचे तीन लूप: ट्रान्समीटरवर एक आकडा, डीसीएसवर दुसरा

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. साखर कारखाना आणि सोबत डिस्टिलरी. ऑफ सीझनचं काम आटोपत आलंय, बॉयलर पेटवायच्या आधी सगळे अ‍ॅनालॉग लूप (ट्रान्समीटर मोजमापाचा ४-२० मिलीअँप करंट करून डीसीएसला, म्हणजे कंट्रोल रूमच्या संगणकाला, पाठवतो ते सर्किट; ४ म्हणजे ० टक्के, २० म्हणजे १००) तपासून सही करून द्यायचेत. बाकीचे झाले, तीन अडलेत.

१. बॉयलरचा मेन स्टीम फ्लो. ऑरिफिसवर (पाइपमधली भोकाची चकती) डीपी ट्रान्समीटर (चकतीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा), टू-वायर (त्याच दोन वायरींवर वीज आणि सिग्नल). रेंज ० ते २५०० मिमी वॉटर कॉलम म्हणजे ० ते ६० टन तासाला. फ्लो डीपीच्या वर्गमूळाप्रमाणे बदलतो, ते स्क्वेअर रूट ट्रान्समीटरमध्ये चालू आहे. हँडपंपाने ० दिलं की दोन्हीकडे ०, २५०० दिलं की दोन्हीकडे ६०. पण ६२५ दिलं की ट्रान्समीटरच्या डिस्प्लेवर ३० आणि डीसीएसवर ४२.४. डीसीएसचं इनपुट चॅनल लिनिअरच आहे, नीट बघितलंय. बॉयलर बंद असल्यामुळे प्रेशर आणि टेंपरेचर डिझाइन व्हॅल्यूवर फोर्स करून (डीसीएसमध्ये हाताने आकडा भरून) ठेवलंय.

२. डिस्टिलरीच्या कॉलमचं टॉप प्रेशर. हाही टू-वायर, डेटाशीटप्रमाणे कमीत कमी १०.५ व्होल्ट लागतात. पॅनेलमध्ये झेनर बॅरियर (स्फोटाचा धोका असलेल्या भागात जाणारी वीज मर्यादेत ठेवणारा) आहे. यंदा याच लूपमध्ये पेपरलेस रेकॉर्डर सिरीजमध्ये घातला. हार्ट कम्युनिकेटरवरून (त्याच वायरींवरून ट्रान्समीटरशी बोलणारं हातातलं यंत्र) लूप टेस्ट केली: ४, ८, १२, १६ बरोबर येतात, २० मागितले की १७.१ वरच थांबतो. ट्रान्समीटर बदलून बघितला, तेच.

३. मिक्स ज्यूसचा मॅगफ्लो (विद्युतचुंबकीय फ्लो मीटर), नवीन, २३० व्होल्टवर चालणारा. त्याच्या डिस्प्लेवर सिम्युलेशन ५० टक्के दिलं तरी डीसीएसवर उणे २५ टक्के.

वरून सूचना आहे की आउटपुट ट्रिम (ट्रान्समीटरच्या करंटची बारीक दुरुस्ती) मारून आकडे जुळवा आणि मोकळे व्हा. मला ते पटत नाहीये, पण नेमकं कारण सांगता यायला हवं.

---

जालना_लूप

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिघांत तोच धोक्याचा आहे.

ट्रान्समीटर चांगला आहे, त्याला व्होल्टेज पुरत नाही. हिशोब मांडा. डीसीएस कार्डचा रेझिस्टर २५० ओहम. रेकॉर्डरचा शंट बहुतेक २५० (मागच्या टर्मिनलवर छोटा रेझिस्टर लावलेला दिसेल). झेनर बॅरियर साधारण ३००. केबल १.५ चौरस मिमी असेल तर किलोमीटरला सुमारे १२ ओहम. तुमचं अंतर ३०० मीटर धरलं तर जाऊन-येऊन ६०० मीटर, म्हणजे ७ ओहम. एकूण ८०७.

पॅनेलचे २४ व्होल्ट, त्यातले १०.५ ट्रान्समीटरला हवेत. उरले १३.५. त्याला ८०७ ने भागा: १६.७ मिलीअँप. यापुढे ट्रान्समीटरने कितीही जोर लावला तरी करंट वाढणार नाही. तुम्हाला १७.१ मिळतोय, कारण बरेच ट्रान्समीटर लिहिलेल्या किमान व्होल्टेजच्या थोडं खालीही तग धरतात. १७.१ ला लूपमध्ये १३.८ व्होल्ट पडतात, म्हणजे ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर १०.२ उरतात. २० मागून ठेवा आणि तिथे मल्टीमीटर लावून बघा, १०.२ च्या आसपासच सापडेल. मात्र तो भाग हॅझार्डस एरिया आहे. साधा मल्टीमीटर घेऊन परमिटशिवाय तिथे झाकण उघडायचं नाही. तुमचा कम्युनिकेटरही त्या भागासाठी प्रमाणित आहे का, ते आधी बघा.

आता धोका कुठे? १७.१ मिलीअँप म्हणजे ८२ टक्के. तुमचा हाय प्रेशर अलार्म ८५ किंवा ९० ला लावलेला असेल तर तो कधीच वाजणार नाही. दुसरं, फॉल्टची दिशा वर ठेवलेली असेल तर सेन्सर बिघडला की ट्रान्समीटर २१ च्या वर जाऊन फॉल्ट कळवतो (नामूर या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे ३.८ ते २०.५ हे मापन, ३.६ आणि त्याखाली किंवा २१ आणि त्यावर म्हणजे बिघाड). या लूपमध्ये २१ येणंच शक्य नाही. सेन्सर मेला तरी ऑपरेटरला ८२ टक्के प्रेशर शांतपणे दिसत राहील.

उपाय:

पॅनेलचा पॉवर सप्लाय २७-२८ ला चढवायचा मोह होईल. झेनर बॅरियर असताना ते करू नका. व्होल्टेज वाढलं की झेनर गळायला लागतो, आकडे चुकतात, आणखी वाढलं तर आतला फ्यूज उडतो आणि तो बदलता येत नाही, अख्खा बॅरियर फेकावा लागतो.

रेकॉर्डरचा शंट १०० ओहमचा केला तर? एकूण ६५७, २० मिलीअँपला १३.१ व्होल्ट पडतात, ट्रान्समीटरला १०.९ उरतात. काठावर पास. पण फॉल्टच्या २१.५ ला ९.९ च उरतात, म्हणजे नापास. ५० ओहम केला तर एकूण ६०७, आणि २२ मिलीअँपलाही १०.६ उरतात. रेकॉर्डर ०.२ ते १ व्होल्ट इनपुट घेत असेल तर हा सगळ्यात स्वस्त मार्ग. स्केलिंग बदलायला विसरू नका. रेझिस्टर ०.१ टक्क्याचा घ्या, बाजारातला ५ टक्केवाला नको.

मला विचाराल तर बॅरियरच बदला. आयसोलेटेड बॅरियर फील्डला स्वतः व्होल्टेज पुरवतो आणि पॅनेलच्या बाजूला स्वतंत्र ४-२० देतो, त्यामुळे रेकॉर्डर आणि कार्ड सिरीजमध्ये राहिले तरी ट्रान्समीटरवर भार येत नाही. दोन आउटपुटवालाही मिळतो. शिवाय झेनरला १ ओहमच्या आतलं वेगळं अर्थिंग लागतं, ती कटकट मिटते. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात हातभर भेगाळते, तेव्हा त्या अर्थ पिटचा रेझिस्टन्स किती भरतो ते कुणी मोजतंय का? पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग फाइलला लावून वर्ष काढतात.

---

गोदाकाठ_नांदेड

पहिल्याचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. प्रेशर-टेंपरेचर फोर्स केलंय म्हणताय, म्हणजे डीसीएसमध्ये स्टीम डेन्सिटीचा कॉम्पेन्सेशन ब्लॉक (वाफेच्या घनतेप्रमाणे फ्लो दुरुस्त करणारा प्रोग्रॅमचा तुकडा) आहे. चॅनल लिनिअर असलं तरी रूट त्या ब्लॉकमध्ये घुसलेलं असतं, कारण तो ब्लॉक इनपुटला डीपी येणार असं धरूनच लिहिलेला असतो. दोनदा रूट निघतंय.

पडताळा: ६२५ म्हणजे डीपीचा २५ टक्के. रूट काढलं की ५० टक्के, ३० टन. बरोबर. पुन्हा रूट काढलं की ७०.७ टक्के, ४२.४ टन. तुमचा आकडा तंतोतंत.

शून्याचं रूट शून्य, शंभर टक्क्यांचं शंभर. म्हणून दोन टोकं कायम जुळतात. नुसतं ० आणि १०० तपासून फॉर्मवर टिक मारणाऱ्यांना हा दोष आयुष्यात सापडायचा नाही. तुम्ही मधला पॉइंट घेतलात म्हणून सापडला.

रूटच्या लूपसाठी डीपीचे पॉइंट असे घ्या, म्हणजे मिलीअँप सरळ येतात (रेंज २५००, रूट ट्रान्समीटरमध्ये):

० मिमी: ४.०० मिलीअँप, ० टन
१५६.२५ मिमी: ८.०० मिलीअँप, १५ टन
६२५ मिमी: १२.०० मिलीअँप, ३० टन
१४०६.२५ मिमी: १६.०० मिलीअँप, ४५ टन
२५०० मिमी: २०.०० मिलीअँप, ६० टन

ट्रान्समीटर लिनिअर असता तर याच डीपीला ४, ५, ८, १३, २० आले असते. समोर कागद असला की कुठल्या टोकाला रूट चालू आहे ते एका नजरेत कळतं.

आणखी एक खूण. बॉयलर थंड आणि डीसीएसवर १०-११ टन दिसतंय असं होतंय का? शून्यात २.५ मिमीचा, म्हणजे ०.१ टक्क्याचा फरक पडला तर एका रूटने १.९ टन दिसतात, दोन रूटने १०.७. एका रूटचा त्रास लो-फ्लो कटऑफ (ठरावीक मर्यादेखालचा फ्लो शून्य धरणं) लावून झाकता येतो, पण कटऑफ शून्य दुरुस्त केल्यावरच लावायचा.

इम्पल्स लाइन (ट्रान्समीटरपर्यंत दाब आणणाऱ्या दोन नळ्या, म्हणजे दोन पाय) आणि कंडेन्सेट पॉट (वाफेचं पाणी साठणारी भांडी) ऑफ सीझनला कोरडे पडलेले असतात. दोन्ही पाय सारखे पाण्याने भरल्याशिवाय चालू लाइनवर झीरो ट्रिम करू नका, नाहीतर एका पायातल्या पाण्याची उंची झीरोमध्ये कायमची बसेल. आणि वाफ आल्यावर मॅनिफोल्डचे (ट्रान्समीटरजवळचा व्हॉल्वचा संच) दोन्ही ब्लॉक व्हॉल्व आणि इक्वलायझर, तिन्ही एकाच वेळी उघडे ठेवायचे नाहीत. पाणी ढकललं जातं आणि वाफ थेट सेलवर येते.

---

वाळूज_पॅनेलवाला

तिसरा: उणे २५ टक्के म्हणजे ० मिलीअँप. (० - ४) भागिले १६. करंट वाहतच नाहीये. मॅगफ्लोचं आउटपुट पॅसिव्ह मोडला (स्वतः व्होल्टेज न देणारं; देणारं ते अ‍ॅक्टिव्ह) असणार आणि तुम्ही ते डीसीएसच्या फोर-वायरवाल्या टर्मिनलवर (जिथे डीसीएसही व्होल्टेज देत नाही) घेतलंय. दोघेही एकमेकांच्या व्होल्टेजची वाट बघत बसलेत.

वायर सोडवून मॅगफ्लोच्या आउटपुट टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. १५ ते २४ च्या मधे काही आलं तर अ‍ॅक्टिव्ह, ० आलं तर पॅसिव्ह. मग डीसीएस चॅनलच्या टर्मिनलवर मोजा. एका बाजूला व्होल्टेज, दुसरीला नाही, अशी जोडी हवी. दोन्हीकडे असेल तर जोडू नका, कार्डाचा चॅनल जायला वेळ लागत नाही. मोड बदलायला काही मीटरमध्ये मेनू असतो, काहींमध्ये जंपर, काहींमध्ये नुसती वेगळी टर्मिनल जोडी. मॅन्युअलमधलं वायरिंगचं चित्र बघूनच करा.

जोडल्यावर ५० टक्क्यांना ३७.५ दिसलं तर मीटर ०-२० वर आहे (१० मिलीअँप जातोय, आणि ४-२० मध्ये १० म्हणजे ३७.५ टक्के). नवीन मीटरला हेही बघून घ्या. रेंजचं एककही बघा, मीटरमध्ये लिटर प्रति सेकंद आणि डीसीएसमध्ये घनमीटर प्रति तास असला गोंधळ सर्रास असतो.

ट्रिमचं म्हणाल तर मारून टाका हो, १ नंबरला चार-दोन पॉइंट इकडे-तिकडे असतील तर काय बिघडतं? सीझन तोंडावर आलाय.

---

जालना_लूप

वाळूजवाले दादा, मॅगफ्लोचं पटलं. ट्रिमचं नाही.

ट्रिम ही सरळ रेषा आहे. खालचा बिंदू आणि वरचा बिंदू हलवते. १ नंबरची चूक वक्र आहे, टोकांना शून्य आणि मधे १२ टन. ट्रिमने मधलं जुळवायला गेलात तर टोकं जातील. २ नंबरला तर ट्रिम लागूच होणार नाही, कम्युनिकेटर २० मागेल, मीटर १७.१ दाखवेल, तुम्ही ते भरलंत की ट्रान्समीटर म्हणेल दुरुस्ती मर्यादेबाहेर. आणि चुकून स्वीकारलं तर १६ पर्यंतचे बरोबर पॉइंटही बिघडतील.

ट्रिमचा क्रम असा आहे, यात उलटापालट नको:

आधी हार्टवर दिसणारं प्रेशर आणि तुमच्या स्टँडर्ड गेजचं प्रेशर. फरक असेल तर सेन्सर ट्रिम. ते जुळलं की हार्टवर दिसणारा आउटपुट करंट आणि लूपमध्ये सिरीजला लावलेल्या मीटरचा करंट. फरक असेल तरच आउटपुट ट्रिम. हेही जुळलं आणि तरी डीसीएस वेगळं दाखवतंय, तर ट्रान्समीटरला हात लावायचा नाही. दोष केबलमध्ये, कार्डात किंवा स्केलिंगमध्ये आहे. डीसीएसचा आकडा बघून ट्रान्समीटर ट्रिम केला की दोन चुका एकमेकांना झाकतात, आणि पुढच्या वर्षी कार्ड बदललं की सगळं उघडं पडतं.

फरक किती चालेल? ०.१ टक्क्याचं लूप म्हणजे ०.०१६ मिलीअँप. तीन दशांश न दाखवणाऱ्या मीटरने ट्रिम करायला बसू नये.

मोजतानाच्या दोन गोष्टी, इथेच जास्त लोक फसतात. ट्रान्समीटरवर 'टेस्ट' लिहिलेले टर्मिनल असतात, आत डायोड असतो, त्यावर मीटर लावला की लूप न तोडता करंट वाचता येतो. पण मीटरचा आतला रेझिस्टन्स १० ओहमच्या आत हवा. जास्त असेल तर थोडा करंट डायोडमधूनच जातो आणि मीटर कमी दाखवतो. दुसरं, कॅलिब्रेटरचा मोड. डीसीएस लूपला व्होल्टेज देत असेल तर कॅलिब्रेटर 'सिम्युलेट टू-वायर'वर ठेवायचा, 'सोर्स'वर नाही. सोर्स मोडमध्ये दोन सप्लाय समोरासमोर येतात आणि आकडे काहीही येतात.

---

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे आभार. मोजून आलो.

३: मॅगफ्लोच्या टर्मिनलवर ०, डीसीएसवर ०. मेनूमधून अ‍ॅक्टिव्ह केलं, वायर काढलेलीच ठेवून पुन्हा मोजलं, १७ व्होल्ट आले. जोडलं, ५० टक्क्यांना ५०.

२: परमिट घेऊन मोजलं, २० मागितल्यावर ट्रान्समीटरवर १०.३ व्होल्ट. रेकॉर्डरच्या मागे २५० ओहमच निघाला. तो तात्पुरता शॉर्ट केला की २०.०० येतात. हाय अलार्म ९० टक्क्यांवर आहे, म्हणजे तो खरंच वाजला नसता. आता ५० ओहम मागवतोय, दोन आउटपुटवाल्या आयसोलेटेड बॅरियरचा इंडेंट (खरेदीची मागणी) टाकलाय.

१: ब्लॉकमध्ये रूट आहे. प्रश्न असा की कुठलं काढू? ब्लॉक लॉक आहे, तो आम्हाला उघडता येत नाही.

आणि एक नवीनच. फीड वॉटर टँकच्या लेव्हलला (टू-वायर, बॅरियर नाही) टँक रिकामा असताना ट्रान्समीटर ४.०० म्हणतो, डीसीएस कार्डावर ४.४६. वर २० ला २०.३८. कार्ड वाटतंय का?

---

गोदाकाठ_नांदेड

लेव्हलचं आधी. कार्ड नाही, जंक्शन बॉक्स उघडा. पाणी किंवा ओलसर बगॅस सापडेल.

टू-वायर ट्रान्समीटर स्वतःतून जाणारा करंट बरोबरच ठेवतो. वाटेत दोन वायरींच्या मधे गळती झाली की तो जादाचा करंट कार्डातून जातो पण ट्रान्समीटरमधून नाही. म्हणून कार्डावर जास्त. खाली ०.४६ आणि वर ०.३८ हा फरकच सांगतोय: ४ मिलीअँपला त्या जोडीवर सुमारे २३ व्होल्ट असतात, २० ला १९, व्होल्टेज कमी तशी गळती कमी. भागाकार केला तर दोन्हीकडे ५० किलोओहम येतात. कार्ड खराब असतं तर हे असं जुळलं नसतं. मॅगफ्लोसारख्या अ‍ॅक्टिव्ह आउटपुटला हीच गळती उलटी दिसते, कार्डावर कमी.

ग्लँड खालच्या बाजूने घ्या, वरून घेतलेला असेल तर तिथूनच पाणी उतरलंय. टर्मिनल स्ट्रिप पुसून भागत नाही, साखरेच्या पाण्याचा चिकट थर राहतो, स्ट्रिपच बदला. बॉक्स कोरडा निघाला तर सर्ज प्रोटेक्टर काढून बघा. वळवाच्या पावसात विजा पडल्यावर ते अर्धवट मरतात, लूप चालू राहतो आणि गळत राहतो.

आता रूट. ब्लॉक उघडता येत असता तर मी रूट ट्रान्समीटरमध्येच ठेवलं असतं. कारण ६ टनाला, म्हणजे १० टक्के फ्लोला, डीपी फक्त १ टक्का असतो. लिनिअर सिग्नल असेल तर ४.१६ मिलीअँप. तिथे ०.०१६ ची चूक झाली तर फ्लोमध्ये ०.३ टन दिसते. रूट ट्रान्समीटरमध्ये असेल तर तीच चूक ०.०६ टन. पण ब्लॉक लॉक आहे, तर दोन वाटा. एक, ट्रान्समीटर लिनिअर करा आणि ही किंमत सोसा. बॉयलर पूर्ण लोडला चालणार असेल तर फार फरक पडत नाही. मग ट्रान्समीटरच्या डिस्प्लेवर डीपीच दिसेल, तिथल्या फायरमनला सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री फोन येईल. दोन, ब्लॉकच्या आधी डीसीएसमध्ये सिग्नलचा वर्ग करा: ५० टक्के आले की २५ होतील, ब्लॉक त्याचं रूट काढून ५० देईल. आकडा चांगला येतो, पण लॉजिकच्या कागदावर ठळक लिहून ठेवा. दोन वर्षांनी येणारा माणूस तो वर्ग 'चुकीचा' म्हणून काढून टाकणार, हे नक्की.

---

वाळूज_पॅनेलवाला

ट्रिमचं मागे घेतो, वक्राचा मुद्दा बरोबर आहे.

एक भर. पॉइंट देताना वर जाताना आणि खाली येताना दोन्ही घ्या, आणि डॅम्पिंग (आकड्याची चढउतार मंद करणारी सेटिंग) बघून थांबा. डॅम्पिंग २ सेकंद असेल तर आकडा स्थिर व्हायला १० सेकंद धरा. कॉम्पेन्सेशन ब्लॉकच्या आधी फिल्टर असेल तर आणखी. घाईत वाचलेला पॉइंट हिस्टेरेसिससारखा (चढताना-उतरताना वेगळा आकडा) दिसतो आणि उगाच ट्रान्समीटरवर शंका येते. डीसीएसऐवजी पीएलसी असलेल्यांनी स्क्रीनवरचा टनांचा आकडा न बघता आधी कच्चा काउंट (कार्डाचा स्केलिंगआधीचा आकडा) बघावा. सिमेन्सच्या एस७ मध्ये ४ मिलीअँपला ०, २० ला २७६४८, म्हणून १२ ला १३८२४ यायला हवेत. तो जुळला की वायरिंग आणि कार्ड सुटले, पुढचं सगळं प्रोग्रॅममध्ये.

आणि मांजराकाठ भाऊ, सही करायच्या आधी तीन गोष्टी मोकळ्या केल्यात का बघा: प्रेशर-टेंपरेचरचं फोर्स, मॅगफ्लोचं सिम्युलेशन (काही मीटर पॉवर गेली तरी त्यातच राहतात), आणि लूप टेस्टसाठी मॅन्युअलला टाकलेले कंट्रोलर. रेकॉर्डरवरचा शॉर्टही काढायचाय, पण ५० ओहम हातात आल्यावरच. तोवर रेकॉर्डरने शून्य दाखवलं तरी चालेल, अलार्म वाजला पाहिजे.